फेरा आणि पाऊल : लंगड्या घोड्याला पुन्हा चालते करण्याच्या विद्येचा इतिहास

१

भाकरी का करपली, विड्याचे पान का कुजले आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देणारे कूट महाराष्ट्रात लहानथोरांच्या परिचयाचे आहे. ‘न फिरवल्यामुळे’ हे ते उत्तर होय. ‘फिरवणे’ या एका क्रियापदाच्या तीन अर्थच्छटांवर हे कूट उभे आहे. भाकरी उलटावी लागते, पान वरखाली करावे लागते आणि घोडा रोज बाहेर काढून चालवावा लागतो. अश्वविद्येतील पहिला धडा या कूटात आलेला आहे. तो असा की, ठाणावर नुसता बांधून ठेवलेला घोडा निरुपयोगी होतो.

परंतु ज्या घोड्याला फिरवताच येत नाही त्याचे काय करावे, हा प्रश्न कूटात नाही. पाय लचकलेला, शीर दुखावलेला किंवा खुरात इजा झालेला घोडा फिरवला तर दुखणे वाढते आणि न फिरवला तर तो अडतो. घोड्याच्या पुढील पायाच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. हाडे, कंडरा आणि त्यांवरील कातडे एवढ्यावरच धावत्या देहाचा सारा भार पडतो. अशा पायाची इजा सावकाश भरून येते आणि भरून आल्यासारखी दिसली तरी पुन्हा उलटते. म्हणून उपचार संपल्यावर व स्वारी सुरू होण्यापूर्वी एक मधला काळ येतो. या काळात घोड्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. माणूस जमिनीवरून, हातात दोरी धरून, त्याला पुन्हा चालण्यास, थांबण्यास व वळण्यास शिकवतो. या मधल्या काळातील विद्येचा इतिहास शोधू लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट आढळते. घोड्याला वर्तुळात फिरवण्याच्या क्रियेला अनेक भाषांत प्राचीन व प्रतिष्ठित पारिभाषिक शब्द आहेत. त्याला हाती धरून सरळ चालवण्याच्या क्रियेला मात्र तसे स्वतंत्र नाव रूढ झालेले दिसत नाही. ही उणीव केवळ शब्दांची नाही. ही विद्या कोणाच्या हाती होती आणि ग्रंथ कोण लिहीत होते, याचा तो पुरावा आहे.

२

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ११६ व्या सूक्तात अश्विनीकुमारांच्या उपकारांची मालिका सांगितली आहे. तींत विश्पला हिचा उल्लेख येतो. खेलाच्या स्पर्धेत रात्रीच्या वेळी तिचा पाय तुटला आणि अश्विनांनी तिला धातूचा पाय बसवून पुन्हा धावती केली, अशी ही कथा आहे. परंपरेने विश्पला ही स्त्री मानली जाते. जर्मन पंडित रिखार्ड पिशेल यांनी मात्र ती शर्यतीची घोडी असावी असे सुचवले. मॅक्डोनेल व कीथ यांनी आपल्या १९१२ च्या वैदिक नामकोशात हा तर्क असंभाव्य ठरवला, आणि त्यांचे म्हणणे अमान्य करण्यास पुरेसा आधार नाही. तथापि कथेच्या घडणीकडे लक्ष देण्यासारखे आहे. तींत इजा आहे, दैवी उपचार आहे आणि पुन्हा धावणे आहे. मधला काळ तेवढा गाळलेला आहे. पुढील बहुतेक वाङ्मयातही हाच क्रम आढळतो.

अश्वशिक्षणाचा आज उपलब्ध असलेला अतिप्राचीन सविस्तर ग्रंथ भारतात नव्हे, तर आजच्या तुर्कस्तानातील बोआजक्यॉय येथे, म्हणजे हित्ती राज्याच्या राजधानीत सापडला. तेथे १९०६ पासून ह्युगो विंक्लर यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननात मातीच्या हजारो विटा हाती आल्या. त्यांत मितन्नी देशातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाच्या नावावर असलेला ग्रंथ होता. तो इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. ग्रंथाची भाषा हित्ती. परंतु त्यातील काही पारिभाषिक शब्द भारतीय-आर्य वळणाचे आहेत. ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ आणि ‘नावर्तन्न’ हे ते शब्द होत. एक, तीन, पाच, सात व नऊ फेरे असा त्यांचा अर्थ लावतात.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या पाच शब्दांचे मोल फार मोठे आहे. ‘ऐक’ या रूपात क-प्रत्यय आहे. इराणी शाखेत त्या जागी ‘ऐव’ असे रूप येते. म्हणून हे शब्द इराणी नसून भारतीय-आर्य आहेत असे ठरते. शिवाय संस्कृतात ज्याचा ‘ए’ झाला तो मूळ ‘ऐ’ येथे टिकलेला आहे. ‘सत्त’ हे रूप प्राकृतातील ‘सत्त’ व मराठीतील ‘सात’ यांची आठवण करून देते. परंतु त्यावर हुर्री भाषेचा परिणाम झाला असावा असेही एक मत आहे, म्हणून त्यावरून घाईने अनुमान काढू नये. ‘नव-वर्तन्न’ याचे ‘नावर्तन्न’ होताना सारख्या दोन अक्षरांपैकी एक गळाले. आन्नेलीस कामेनहूबर यांनी या वाङ्मयाची साक्षेपी आवृत्ती १९६१ मध्ये सिद्ध केली. पुढे १९६८ च्या ग्रंथात हे शब्द त्या काळी जिवंत भाषेतील नसून गोठलेली परिभाषा म्हणून उरले होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. हे मत स्वीकारले तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो की, भाषा गेली तरी धंद्याचा शब्द राहिला, आणि राहिलेला शब्द ‘फेरा’ हा होता.

किक्कुलीचा ग्रंथ लंगड्या घोड्यांसाठी नाही. युद्धरथाच्या निरोगी घोड्यांना अनेक महिन्यांत क्रमाक्रमाने तयार करण्याचा तो दिनक्रम आहे. चाल किती, धाव किती, दाणा केव्हा, पाणी केव्हा, अंग केव्हा धुवावे, झूल केव्हा घालावी हे सारे त्यात दिवसवार सांगितले आहे. ऑस्ट्रेलियातील अॅन नायलँड यांनी १९९१ मध्ये हा क्रम अरबी घोड्यांवर प्रत्यक्ष करून पाहिला. आरंभीचा बराच भाग घोड्यांना रथास न जुंपता, नेऊन चालवण्याचा असावा, असा अर्थ त्यांनी लावला. सर्व अभ्यासकांनी तो मान्य केलेला नाही. पण एवढे निर्विवाद आहे की, श्रम थोडे थोडे वाढवावेत, मध्ये विश्रांती द्यावी आणि दिवस मोजावेत ही कल्पना तेथे पूर्णपणे आलेली आहे. पुढे दुखण्यातून उठलेल्या घोड्यास ज्या तत्त्वाने बरे करतात, ते तत्त्व निरोगी घोड्याच्या शिक्षणातून आलेले आहे.

३

भारतात लंगड्या घोड्याची पहिली व्यवस्थित नोंद वैद्यकाने नव्हे, तर राज्यकारभाराने ठेवलेली दिसते. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात चिकित्सक आवृत्तीने उपलब्ध करून दिलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. ग्रंथाच्या काळाविषयी मतभेद असले तरी प्रकरणाचा तपशील अत्यंत व्यवहारी आहे. अध्यक्षाने प्रत्येक घोड्याचे कूळ, वय, वर्ण, चिन्ह व तो कोठून आला याची नोंद करावी. जे अप्रशस्त, व्यंग असलेले किंवा रोगी असतील त्यांची वर्दी द्यावी, असे तेथे सांगितले आहे. रथाच्या घोड्यांसाठी सहा, नऊ व बारा योजने, आणि स्वारीच्या घोड्यांसाठी पाच, साडेसात व दहा योजने अशा मजलांच्या श्रेणी ठरवून दिल्या आहेत.

त्याच प्रकरणात पुढे दोन तरतुदी आहेत. युद्ध, रोग, वार्धक्य किंवा श्रम यांनी क्षीण झालेल्या घोड्यांना पोटापुरता आहार मिळावा. आणि जे युद्धास निकामी झाले असतील त्यांचा नगरजनांच्या व जनपदाच्या हितासाठी घोड्यांच्या पैदाशीकडे उपयोग करावा. तसेच उपचारात किंवा औषधात खंड पडून रोग वाढला तर संबंधितांस खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्यांच्या अपराधाने विपरीत परिणाम झाला तर जनावराच्या किमतीएवढा दंड सांगितला आहे. म्हणजे रोगी घोड्याची जबाबदारी ठरवलेली होती, निकामी घोड्याची वाट लावून दिलेली होती. पण रोगी असून निकामी नसलेल्या, बरा होत आलेल्या घोड्याला पुन्हा मजल मारण्याइतका कोणी व कसा करावा, याविषयी प्रकरण मौन पाळते.

वैद्यकग्रंथांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. शालिहोत्र हा अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानला जातो. जयदत्तसूरीचे ‘अश्ववैद्यक’ व नकुलाच्या नावावरील ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ कलकत्त्याहून १८८७ मध्ये छापले गेले. नकुलाचे ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. भोसले राजांनी जोपासलेल्या त्या ग्रंथालयामुळे मराठी माणसाला या ग्रंथाविषयी विशेष आपुलकी वाटावी. या परंपरेत लक्षणे, दोष, काढे, लेप, शिरामोक्ष यांचा विस्तार आहे. शालिहोत्राची कीर्ती एवढी की त्याचे विशेषनाम पुढे सामान्यनाम झाले. फारसी भाषांतरांतून व हिंदुस्थानी बोलीतून ‘सालोत्री’ हा शब्द घोड्याच्या वैद्यासाठी रूढ झाला. इंग्रजांच्या लष्करी कागदपत्रांतही तो शिरला. ऋषीचे नाव वैद्याला मिळाले. परंतु वैद्य निघून गेल्यावर घोड्याजवळ जो राहिला, त्या मोतद्दाराच्या कामास ग्रंथातील नाव मिळाले नाही.

४

युरोपातही हीच विभागणी दिसते. ग्रीक लेखक झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर जो छोटा ग्रंथ लिहिला, त्यात खुरांची निगा, तबेल्याबाहेरील अंगणात गोल दगड पसरून खूर घट्ट करण्याची युक्ती आणि दोन्ही अंगांना सारखे वळण लागावे म्हणून घ्यावयाचे फेरे यांचे वर्णन आहे. त्याची एक सूचना येथे विशेष महत्त्वाची आहे. घोड्याला आपल्यामागून ओढत नेऊ नये, तसेच त्याला पुढेही सोडू नये, बाजूने चालावे. मागून येणारा घोडा काय करतो ते माणसाला दिसत नाही आणि पुढे गेलेला घोडा हाताबाहेर जातो. दुखऱ्या घोड्याला हाती धरून चालवण्याची सारी मांडणी या साध्या निरीक्षणावर उभी राहू शकते. परंतु झेनोफोनने ती मोतद्दाराला द्यावयाच्या सूचनांत घातली आणि तो स्वारीकडे वळला.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या तेराव्या लुईचा अश्वारोहण-शिक्षक आंत्वान द प्ल्युव्हिनेल याने जमिनीवरून शिकवण्याच्या पद्धतीला प्रतिष्ठा दिली. त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ व १६२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या आवृत्त्यांत एका खांबाभोवती दोरीने बांधलेला, पाठीवर स्वार नसलेला घोडा वर्तुळात फिरताना दाखवला आहे. पुढे १७३३ च्या सुमारास ला गेरिनिएर याने खांब वगळून माणसाच्या हातातील लांब दोरीवर घोडा दुडक्या चालीने फिरवण्याचा पुरस्कार केला. या दोरीचे फ्रेंच नाव ‘लाँज’. ‘लांब’ या अर्थाच्या विशेषणापासून ते आले आहे, आणि इंग्रजीतील ‘लंज’ हा शब्द त्यातूनच निघाला. येथेही लंगडा घोडा हा विषय नव्हता. ध्येय होते ते राजदरबारी घोड्याच्या डौलाचे. क्लोद बूर्जेला याने लिआँ येथे पहिली पशुवैद्यकीय शाळा १७६२ मध्ये उघडली, तेव्हापासून तर वैद्य व शिक्षक यांचे मार्ग अधिकच वेगळे झाले. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, ते याच नव्या परंपरेतील होय.

५

मराठीत वर्तुळात घोडा फिरवण्यास ‘कावा’ असा शब्द होता. ‘कावा देणे’, ‘कावा घेणे’ हे प्रयोग जुन्या हिंदी-मराठी व्यवहारात घोड्याच्या संदर्भात आढळतात. शब्द फारसीतून आला असे मानतात. आजच्या मराठी वाचकाला मात्र ‘कावा’ म्हटल्यावर घोडा आठवत नाही, डावपेच आठवतो. समोरासमोर न भिडता वळसा घालून शत्रूला चकवणाऱ्या स्वाराची हालचाल हा या अर्थांतराचा दुवा असावा. ‘गनीम’ म्हणजे शत्रू; मोगलांनी मराठ्यांना दिलेले हे नाव मराठ्यांनीच अभिमानाने मिरवले आणि ‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोग इतिहासाचा झाला. ‘वर्तन’ या शब्दाचेही असेच झाले. किक्कुलीच्या ग्रंथात घोड्याचा फेरा असलेला शब्द आज मराठीत माणसाची वागणूक दाखवतो. दोन्ही शब्द घोड्याच्या पायाखालून निघून माणसाच्या स्वभावात शिरले.

स्वाराविना हाती धरून नेलेल्या घोड्यालाही मराठीत नाव आहे. पण ते ‘कोतवाल घोडा’. त्याचा शहराच्या कोतवालाशी संबंध नाही. नेण्याचा घोडा या अर्थी असलेल्या ‘कोतल’ या परक्या शब्दाचे ते लोकांच्या तोंडी झालेले रूप आहे. शृंगारलेला, रिकाम्या खोगिराचा, मिरवणुकीत चालणारा हा घोडा वैभवाचे चिन्ह होता. त्याच रीतीने, त्याच दोरीने, पहाटे ठाणामागच्या वाटेवर चालवल्या जाणाऱ्या दुखऱ्या घोड्याला मात्र वेगळे नाव नाही. मराठीत त्याला ‘फिरवतात’ किंवा ‘चालवतात’, हिंदीत ‘टहलवतात’. मिरवणूक डोळ्यांत भरते म्हणून तिला शब्द मिळाला. शुश्रूषा कोणी पाहत नाही म्हणून तिला सामान्य क्रियापदावर भागवावे लागले.

या शुश्रूषेत काय पणाला लागले होते, हे मराठी लष्कराच्या रचनेवरून समजते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोडा लंगडला म्हणजे त्याची चाकरी लंगडली. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा व वैरण पावसाळा संपेपर्यंत पुरवून वापरावी. उधळपट्टीने ती आधीच सरली तर घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. पत्र वैरणीसंबंधी आहे, लंगडण्यासंबंधी नाही. पण घोड्याची हानी नशिबाने नव्हे, तर रोजच्या हयगयीने होते, आणि तिचा भार अखेर रयतेवर पडतो, ही जाणीव त्यात स्वच्छ उमटली आहे. छावणीचे चार महिने संपून दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचे, तेव्हा विसावलेल्या घोड्यांना पुन्हा मजलीस लावावे लागे. ते काम करणारे हात बखरींत कोठे उल्लेखिलेले नाहीत.

६

विश्रांती आणि चालणे यांचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर बराच काळ एका चुकीच्या समजुतीने झाकले होते. दुखावलेल्या कंडरेवर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची रीत भारतात व युरोपात दोन्हीकडे होती. डाग दिल्यावर घोडा कित्येक महिने कामास लावत नसत, आणि तो पुढे बरा झाला तर श्रेय डागाला मिळे. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डागण्याने कंडरा भरून येण्यास मदत होत नाही असे दिसून आले. गुण आला असेल तर तो वेळेचा होता. त्याच दशकापासून ध्वनिलहरींच्या साहाय्याने कंडरेचे आतील चित्र पाहता येऊ लागले आणि बाहेरून बरा दिसणारा पाय आतून कच्चा असतो, हे प्रत्यक्ष दिसले. कंडरेच्या मोठ्या इजेनंतर आज नऊ महिने ते वर्षभराचा क्रम आखतात. तो काही मिनिटांच्या हातचालीने सुरू होतो, आठवड्या-आठवड्याने वाढतो आणि दुडकी चाल फार उशिरा येते. भरून येणारे तंतू ज्या दिशेने ताण पडतो त्या दिशेने लागावेत म्हणून थोडे चालणे हवे, आणि ते तुटू नयेत म्हणून अधिक चालणे नको, हे त्यामागील कारण आहे.

या नव्या ज्ञानाने वर्तुळाची जागा बदलली. वर्तुळात फिरताना घोड्याचे अंग आत कलते आणि पायांवर, विशेषतः आतील पायांवर, वाकडा भार पडतो. म्हणून सरळ रेषेत न दिसणारे लंगडणे दोरीवरील फेऱ्यात उघडे पडते. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. वैद्य ते पाहतो. जे परीक्षेस उपयोगी तेच उपचारात घातक ठरते, कारण कच्च्या पायाला तोच वाकडा भार सोसत नाही. शतकानुशतके अश्वशिक्षणाचे पहिले पाऊल मानला गेलेला फेरा बरा होणाऱ्या घोड्याच्या बाबतीत शेवटी ठेवावा लागतो. आधी सरळ, सपाट, कठीण पण दगड नसलेली वाट. मग मोठी वळणे. आणि सर्वांत शेवटी वर्तुळ.

या सरळ वाटेवर शिकवण्यासारखे काय असते, असा प्रश्न पडू शकेल. महिनोन्महिने बांधलेला घोडा बाहेर येताच उसळतो, आणि एका उसळीत सारी मेहनत वाया जाऊ शकते. म्हणून त्याला पहिल्याने थांबणे शिकवावे लागते. माणूस थांबला की थांबावे, निघाला की निघावे, दोरी ताणली न जाता एक पाऊल मागे घ्यावे, हाताच्या इशाऱ्याने मागचे अंग बाजूला सारावे, मान खाली ठेवून संथ चालावे. माणूस त्याच्या खांद्याशी, झेनोफोनने सांगितले तसा बाजूने चालतो आणि डोळ्यांनी नव्हे तर कानांनीही पावलांचा ठेका मोजतो. चार खुरांचे ठोके सारखे पडतात की एक हलका पडतो, हे त्याला दिवसांगणिक कळत जाते. वैद्य घोड्याला महिन्यातून एकदा पाहतो, हा रोज पाहतो. उपचार यशस्वी होणे बहुतांशी त्याच्या संयमावर अवलंबून असते.

७

शब्दांच्या इतिहासात एक दुवा मात्र शिल्लक राहिला आहे. संस्कृतातील ‘वृत्’ म्हणजे वळणे, फिरणे या धातूपासून ‘वर्तन’ आले. त्याच धातूपासून ‘वर्त्मन्’ म्हणजे मार्ग हा शब्द आला आणि प्राकृतातील ‘वट्ट’ या रूपातून मराठीत ‘वाट’ झाला. किक्कुलीच्या विटांवर कोरलेला फेरा आणि दुखरा घोडा ज्या सरळ रस्त्याने हाती धरून नेला जातो ती वाट, ही एकाच धातूची अपत्ये आहेत. फेऱ्याला ग्रंथ मिळाले, राजे मिळाले, इतिहासात नाव मिळाले. वाटेवरून घोड्याबरोबर पायी चाललेल्या माणसांना यांपैकी काही मिळाले नाही. अश्वविद्येचा इतिहास लिहिताना ग्रंथकार, वैद्य आणि स्वार यांच्या जोडीला या मोतद्दारांची दखल घेतली नाही, तर लंगडलेला घोडा पुन्हा मजलीस लागला कसा, हे त्या इतिहासाला सांगता येणार नाही.